कारकुनाच्या ट्रंकेची वाटणी

मी, खाली सही करणार तो, वय वर्षे सव्वीस, शिक्षण सातवी पास (आठवीच्या बाकावर थोडे दिवस बसलो होतो, ते धरायचे की नाही हे वाचणाऱ्याने ठरवावे), धंदा उंच इमारतींना परांची बांधणे, हल्ली मुक्काम कंपनीची कामगार छावणी, दाराजवळची खालची खाट, असे लिहून ठेवतो की हे मृत्युपत्र मी कोणाच्या दडपणाखाली, नशेत किंवा रागाच्या भरात लिहीत नाही. राग आहे, पण भरात नाही. माझे डोके ठिकाणावर आहे. छाती नाही, पण कायद्याला डोके पुरते.

हे माझे पहिलेच मृत्युपत्र असल्यामुळे आधीचे रद्द करण्याचा प्रश्न येत नाही. भाषा मी ट्रंकेतल्या कायद्याच्या पुस्तकावरून घेतली आहे, ज्याच्या वेष्टनावर तराजू आहे ते. जिथे भाषा घसरेल तिथे ती माझी समजावी.

कागदोपत्री नाव सहीत येईलच. बाकी सगळे मला भिंगरी म्हणतात. ते आईने ठेवलेले नाव. "याच्या पायाला भिंगरी आहे, हा एका जागी टिकायचा नाही," असे ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची. ते खरेही झाले. गॅरेज सोडले, दूध डेअरी सोडली, फर्निचरचे दुकान मालकाने सोडायला लावले. शेवटी इतका लांब आलो की पुढे जायला जागा नव्हती, म्हणून वर चढायला लागलो.

कलम १. कारण.

परांचीवर असताना डोळ्यांपुढे अंधारी आली. पट्टा अडकवलेला होता म्हणून लोंबकळत राहिलो. खालचे म्हणाले, वाळत घातलेल्या शर्टासारखा दिसत होतास. दवाखान्यात तपासल्यावर कळले की हृदयाची एक झडप जन्मापासूनच अरुंद आहे, ती बदलावी लागेल. ऑपरेशन येत्या गुरुवारी आहे. डॉक्टर बोलत होते आणि कंपनीचा दुभाषी मला सांगत होता. तो म्हणाला, "डॉक्टर म्हणतात, बहुतेक लोक उठून घरी जातात." मी म्हटले, "बहुतेक म्हणजे किती, ते विचार." त्याने विचारलेच नाही. मलाच म्हणाला, "बहुतेक म्हणजे बहुतेक."

म्हणून हे लिहिणे.

तेव्हापासून मला वर चढायला बंदी आहे. सकाळी बस सगळ्यांना घेऊन जाते आणि छावणी रिकामी होते. दोरीवरचे कपडे ठिबकत राहतात. वरच्या खाटेची जाळी माझ्या तोंडावर पोट सोडून असते, तिच्यात माणूस नसतानाही. मी खोलीतून संडासाकडे, तिथून फाटकाकडे, तिथून परत असा फिरतो. पहारेकऱ्याला आता माझी कीव येते, तो मला बघून खुर्ची पुढे करतो. त्याची माझी भाषा एक नाही. आम्ही दोघे बसतो आणि रस्त्याकडे बघतो.

कलम २. पैसा आणि घर.

बँकेत जे असेल आणि कंपनी जे देईल ते सर्व माझ्या आईला मिळावे. त्यात थोरल्या भावाने, म्हणजे दादाने, हात घालू नये. घातलाच तर आईने झटकावा.

घराच्या दोन खोल्यांतला माझा हिस्सा दादा आणि वहिनी यांना द्यावा, अट एकच: खिडकीखालची आईची खाट हलवू नये. वहिनी चांगली आहे. तिला हे तोंडावर कधी म्हटलेले नाही म्हणून इथे लिहून ठेवतो.

आईला मी दाताचे ऑपरेशन आहे असे सांगितले आहे. हे मृत्युपत्र वाचायची वेळ आलीच तर ते खोटे उघडे पडेल. दादाने तेव्हा तिला समजावून सांगावे. कसे, ते मला सुचत नाही.

दादाला याशिवाय एक पुस्तक. यशस्वी कसे व्हावे याचे आहे, वेष्टनावर एक माणूस कोट घालून हसतो आहे. मी ते दोनदा वाचायला घेतले आणि दोन्ही वेळा सगळी चूक माझीच आहे असे वाटून मिटले. दादाला ते पचेल. स्वतःची चूक असेल असे त्याला कधी वाटलेले नाही. मागे फोनवर त्याने विचारले, "काम बंद, मग दिवसभर करतोस काय?"

"वाचतो."

"परीक्षा आहे का कसली?"

"नाही."

"मग?"

या "मग"चे उत्तर मला त्या दिवशी देता आले नाही. खाली कलम ४ मध्ये प्रयत्न केला आहे, दादाने ते वाचावे. घाई असेल तर राहू दे.

कलम ३. हत्यारे.

पट्टा आणि टोपी कंपनीची. पाना माझा स्वतःचा आहे, मुठीला सायकलची ट्यूब गुंडाळलेली. माझ्या जागी जो परांचीवर चढेल त्याला द्यावा, मग तो कोणत्याही मुलखाचा असो. त्याला सांगावे की या पान्याने बोल्ट आवळला की आवाज बदलतो, तो बदलेपर्यंत पाय टाकू नये.

माझ्या खाटेवरचे निळे कांबळे माझे नाही. ते माझ्या सामानात धरू नये. का, ते पुढे येईल.

कलम ४. ट्रंक.

इथे आपली भाषा बोलणारा एक कारकून होता. त्याची बदली झाली तेव्हा विमानात वजन जास्त होईल म्हणून त्याने पत्र्याची ट्रंक माझ्या खाटेखाली सरकवली. म्हणाला, "वाच, नाहीतर विक." विकायला इथे आपली लिपी येणारे आणि वर पैसे देणारे गिऱ्हाईक नाही. म्हणून वाचायला लागलो. कोणी शिकवले नाही, कोणी सांगितले नाही, हे आधी घे, ते नंतर. वरचे होते ते घेतले.

नंतर नंतर निवडायला लागलो. जाडीवरून निवडून पाहिले, चित्रावरून पाहिले. मग माझ्या एक गोष्ट ध्यानात आली. वेष्टनावर मोठ्या अक्षरांत दर वेळी वेगळे नाव असायचे, पण काही पुस्तकांवर खाली बारीक अक्षरांत एकच नाव पुन्हा पुन्हा यायचे: कादंबरी. आमच्या शाळेत त्या नावाची मुलगी होती, त्यामुळे हे बाईचे नाव असते याबद्दल मला शंका नव्हती. मी धरून चाललो की मोठी नावे ज्यांनी पुस्तकाचा खर्च केला त्यांची, आणि लिहिणारी ही बाई. इतके लिहूनही नाव बारीक छापून घेते, याचा मला आदर वाटायचा. बाईंना सगळ्यांच्या घरातले कसे कळते याचे नवल वाटायचे. पुढे काय वाचावे हा प्रश्नच मिटला. ट्रंकेत बाईंचे आहे का बघायचे, असेल ते घ्यायचे.

आता मामा.

मामा म्हणजे आईचा भाऊ नव्हे. समोरच्या खाटेवरचे, वयाने मोठे, आपल्या भाषेचे, म्हणून मामा. ते सेंट्रिंगचे सुतार आहेत. काँक्रीट ओतायच्या आधी फळ्या आणि टेकू लावून साचा उभा करायचा, स्लॅब धरला की साचा उतरवायचा, हे त्यांचे काम. त्यांना वाचता येत नाही. मी एकदा मोठ्याने वाचत होतो, ते तोंडावर टॉवेल टाकून पडले होते. मी थांबलो तर टॉवेलाखालून आवाज आला, "मग तिनं दार उघडलं का नाही?"

त्या दिवसापासून कामावरून आल्यावर, जेवणाच्या घंटेआधी, रोज वाचन. आणि निवड आता दोघांची. कोणतेही पुस्तक काढले की मामांचा पहिला प्रश्न ठरलेला: "याचं पोट कशावर चालतं?"

"राजा आहे, मामा."

"म्हणजे काही करत नाही. पुढचं काढ."

प्रवासवर्णन काढले. "हा देश बघत हिंडतो."

"कशासाठी?"

"बघायला."

"रजा कोणी दिली त्याला?" पण ते त्यांनी ऐकले, तो माणूस रजेचा खुलासा कुठे तरी करेल या आशेने. त्याने केला नाही. ताऱ्यांचे पुस्तक त्यांना आवडले. म्हणाले, बरं आहे, इतक्या लांब आपल्याला कुठली कंपनी पाठवणार नाही. कवितांना आधी हसले. "हा ओळ पुरी का करत नाही? कागद फुकटचा आहे का?" मग थोड्या वेळाने, "ती विहिरीची परत वाच." मी वाचली. "अजून एकदा." त्यानंतर ते करवतीला कानस घासत बसले.

मग फाटकवाला आला.

बाईंचेच पुस्तक. रेल्वेच्या एका आडवाटेच्या फाटकावरचा म्हातारा स्वतःच सांगतो आहे, मी असा, माझी केबिन अशी. गाडी येते, तो फाटक पाडतो, गाडी जाते, उचलतो. त्याची मुलगी याच फाटकातून एका गाडीने निघून गेली आणि तेव्हापासून तो प्रत्येक गाडीच्या खिडक्या बघतो. मामांनी पोटाचा प्रश्न विचारला नाही. पहिल्याच पानात उत्तर होते. हळूहळू तो माणूस आमच्या खोलीतच राहायला आला. जेवताना मामा म्हणायचे, "त्याची चूल आज पेटली असेल का, वारा तिकडंही असणार." मी म्हणायचो, "त्याला दम लागतो, मामा, त्यानं तो खटका एकट्यानं ओढू नये."

एक दिवस मामा बाजारातून निळे कांबळे घेऊन आले. त्याच्या केबिनच्या फळ्यांत फटी आहेत असे आदल्या दिवशी वाचले होते. मामांची रजा जवळ आली होती. म्हणाले, "जाता जाता त्याला देऊन जातो. स्टेशन कोणतं ते तेवढं विचार."

मी कारकुनाला फोन लावला. मामा कान देऊन शेजारी बसले, म्हणून मोठ्या आवाजावर ठेवला.

"साहेब, ते फाटक कुठल्या लाइनीवर येतं?"

"कुठलं फाटक?"

"पुस्तकातलं. म्हाताऱ्याचं."

"अरे, ती कादंबरी आहे."

"हो, कादंबरीबाईंचंच आहे."

"कोण बाई?"

मी सांगितले. तिकडे कारकून हसायला लागला. वाईट माणूस नाही, पण हसला खूप. मग त्याने समजावून सांगितले की कादंबरी म्हणजे रचलेली गोष्ट, तो म्हातारा कुठेच नाही, ते फाटक नाही, मुलगी नाही. जो वर मोठ्या अक्षरांत आहे त्यानेच ते घरी बसून लिहिले. त्याने कदाचित फाटक पाडलेही नसेल आयुष्यात.

फोन ठेवल्यावर मी मामांकडे बघितले. माझे तर दुप्पट नुकसान झाले होते, म्हातारा गेला आणि बाईही गेल्या. पण मामांचे तोंड बघवत नव्हते.

"मेलेल्या माणसासाठी रडता तरी येतं," ते म्हणाले. "हा तर मेलाही नाही."

कांबळे त्यांनी माझ्या खाटेवर टाकले आणि परत घेतले नाही. माझ्याकडे ते ठेवायला दिले आहे असे मी धरतो. रजेवर ते गेले आणि आले, पण फाटकवाल्याचे नाव काढले नाही. ट्रंक उघडली की म्हणायचे, "घडलेलं काढ. रचलेलं नको." मग मी घडलेलेच वाचत राहिलो. लढाया वाचल्या. एका शास्त्रज्ञाचे चरित्र वाचले. विहीर कशी खणावी, साप विषारी कसा ओळखावा, घरचा वैद्य, आणि हा कायदा. मामा सगळे ऐकायचे, मान हलवायचे. मधे काही विचारत नव्हते.

मी एकदा भांडलो. म्हटले, "मामा, तुमचा साचा तरी काय असतो? रचता आणि काढून टाकता. तो खोटा का?"

"माझ्या साच्यावर माणसं राहत नाहीत. स्लॅबवर राहतात."

"मीही तेच म्हणतोय."

त्यांनी भिंतीकडे तोंड केले.

कादंबऱ्या मग मी एकट्याने वाचायला लागलो, आणि आजारपणात दिवसच्या दिवस मिळाले तेव्हा तर नुसत्या त्याच. दादाच्या "मग"ला उत्तर असे की दुसऱ्याच्या घरात गेल्याशिवाय मला या खोलीत बसवत नाही. पण एकट्याने वाचण्यात आता काही तरी लंगडते. मामा कुठे हसतील ते मला ओळीच्या आधी कळते, मी तिथे थांबतो, आणि खोलीत फक्त पंख्याचा आवाज असतो. फाटकवाल्याची खूण जिथे होती तिथेच आहे. पुस्तकाचा तिसरा हिस्सा राहिला आहे. परवा काढले, एक पान वाचले. त्यात त्याने एका गाडीच्या खिडकीत कोणाला तरी पाहिले. मी पुस्तक मिटले. हे एकट्याने वाचायचे नाही.

आणि आता गुरुवार जवळ आला आहे, तर त्याआधी काय वाचू, हे कोणी सांगत नाही. चरित्र नको, ते जन्माने सुरू होते आणि कशाने संपते ते मला ठाऊक आहे. इतिहासात सगळेच गेलेले. घरच्या वैद्यातले हृदयाचे प्रकरण वाचून झाले, त्याची शिक्षा भोगतो आहे. लघुकथा पुऱ्या होतील, पण दर थोड्या पानांनी शेवट, म्हणजे रोज छोटा छोटा गुरुवार. जाड कादंबरी अर्धी राहिली तर काय? दिवसभर ट्रंकेचे झाकण उघडतो आणि लावतो. भिंगरी पायातून हातात आली आहे. मला तेवढेच एक हवे आहे, की मामांनी म्हणावे, काढ तो फाटकवाला. मी स्वतःहून विचारणार नाही. दोनदा विचारून झाले आहे.

माझ्यामागे ही ट्रंक टीव्हीच्या खोलीत ठेवावी. आपल्या भाषेचा जो येईल त्याची. त्याने पुढे काय वाचावे यासाठी मला जे कळले ते असे. सलग दोन चरित्रे वाचू नयेत, माणूस स्वतःला फार कमी समजायला लागतो. रडवणारे संपले की पंपाच्या दुरुस्तीचे काढावे, त्यात सगळे ठीक होते. यशाच्या पुस्तकानंतर (ते दादाकडे गेलेले असेल, पण दुसरे येईलच, ती येतातच) कविता वाचावी, म्हणजे श्वास जागेवर येतो. घडलेले वाचून मन कोरडे पडले की रचलेले घ्यावे, आणि रचलेल्यात फार गुंतलो असे वाटले की साप ओळखायला शिकावे. आणि शक्य असेल तर दुसरा माणूस शोधावा. वाचता न येणारा असला तरी चालेल.

कलम ५. आचारी.

छावणीत आपल्या भाषेचा तिसरा माणूस म्हणजे मेसचा आचारी. त्याने माझ्याकडून रहस्यकथा नेली आणि शेवटचे पान नसलेली परत आणली. ज्या पानावर खुनी कळतो तेच. मामांनाही मी ती त्यामुळेच कधी वाचून दाखवली नाही. म्हणून ही रहस्यकथा, शेवट नसलेली, मी आचाऱ्याला ठेवतो. त्याने ती पुन्हा वाचावी आणि तळमळावे.

कलम ५ रद्द. कारण खाली.

कलम ६. साक्षीदार मिळवण्याबाबत.

कायद्याच्या पुस्तकात आहे की दोन साक्षीदार लागतात, आणि ज्याला मृत्युपत्रातून काही मिळणार त्याने साक्षीला राहू नये. माझ्या भाषेची इथे दोनच माणसे. एकाला मी पुस्तक ठेवले होते आणि दुसऱ्याला काय ठेवावे ते ठरत नव्हते. मी ठरवले, दोघांना काहीच ठेवायचे नाही, दोघांच्या सह्या घ्यायच्या.

आचारी मोठे पातेले घासत होता.

"सही करशील?"

"कशावर?"

"माझ्या मृत्युपत्रावर."

त्याने घासणे थांबवले नाही. "मला काय ठेवलंयस?"

"काही नाही."

"मग मी का करू?"

"काही ठेवलं असतं तर तुला करता आली नसती."

"हे बरं आहे. नातेवाइकांत असतं तसंच." मग म्हणाला, "पान मी फाडलं नव्हतं. सुटंच होतं. ऊन डोळ्यावर येतं म्हणून त्या खिडकीला चिकटवलं."

खिडकीला खरेच चिकटलेले होते. आतून पानाची पाठ दिसत होती, तिच्यावर पुढच्या पुस्तकांची जाहिरात.

"उलटं लावलंयस."

"मग बाहेरून वाच. काचेतून दिसतं."

"बाहेर गटार आहे."

"मग मर तसाच," तो म्हणाला. स्वच्छ झालेले पातेले पुन्हा घासायला लागला. "तसं नव्हतं म्हणायचं मला."

"कळलं."

"सही करतो. आण."

मी बाहेरून जाऊन, एक पाय गटारात ठेवून, पान वाचले. खून कोणी केला ते आता मला माहीत आहे. इथे लिहीत नाही, ट्रंक ज्याची होईल त्याची मजा जाईल. त्याने खिडकी शोधावी. आचाऱ्याशी माझे भांडण मिटले आहे आणि तो साक्षीदार असल्यामुळे त्याला काहीही देता येत नाही, त्रास सुद्धा.

मामांना सुट्टीच्या दिवशी दुपारी गाठले. कानस आणि करवत मांडीवर होती. मी वर लिहिलेले सगळे त्यांना वाचून दाखवले. फाटकवाल्याचे वाचताना आवाज सपाट ठेवला. त्यांनी टॉवेल तोंडावर घेतला नाही, यावरून ऐकत होते असे समजतो.

"झालं?" ते म्हणाले.

"झालं. आता इथे खाली तुमचा अंगठा. शाई आणलीय."

"मला काय ठेवलंयस त्यात?"

"काही नाही. ठेवलं तर साक्षीला चालत नाही."

"ट्रंक?"

"टीव्हीच्या खोलीत."

"विहिरीची कविता?"

"ट्रंकेत."

"आणि तो?"

मी मुद्दाम विचारले, "कोण तो?"

मामांनी करवतीचे दात अंगठ्याने एकेक चाचपले. "त्याला खिडकीत कोण दिसलं?"

"एक पानच वाचलं मी. पुढं नाही वाचलं."

"का?"

"एकट्याने वाचायचं नव्हतं."

त्यांनी कानस पुसून बाजूला ठेवली. मग म्हणाले, "मी साक्षीला नाही. दुसरा बघ."

"मामा, दुसरा आहे कुठे? आपल्या भाषेचा..."

"भाषा कशाला लागते? तू सही केलीस एवढंच बघायचं ना? तुझ्या पुस्तकात तेच आहे, तूच वाचलंस. बसचा ड्रायव्हर बघेल." त्यांनी करवत खाली ठेवली. "मला तो फाटकवाला पाहिजे. तसं लिही."

"तो रचलेला आहे, मामा."

"मला माहीत आहे काय आहे तो. मला शिकवू नकोस."

"तुम्हाला वाचता येत नाही."

"तुला येतं की."

"गुरुवारनंतर?"

"गुरुवारचं गुरुवारी. इथं आज काय वार आहे?" आणि मग, जरा मऊ होऊन, "तू आत जाशील तेव्हा मी बाहेर बसणार. तिथं मी काय करू? विहीर खणू? मला त्याची काळजी करत बसता येईल, खिडकीत कोण होतं, मुलगी का दुसरीच कोण. घडलेल्याची काळजी करून फायदा नाही, ते होऊन गेलेलं असतं. याचं अजून व्हायचंय."

मी कागदाची घडी सरळ करत बसलो. मामा म्हणाले, "लिहितोस का मी जाऊ?"

कलम ७. म्हणून.

फाटकवाल्याचे पुस्तक, खुणेसह, मी मामांना ठेवत आहे. ते साक्षीदार नाहीत, त्यामुळे याला कायद्याची हरकत नाही. मी उठलो नाही तर राहिलेला भाग आचाऱ्याने त्यांना मोठ्याने वाचून दाखवावा. साक्षीदाराला लाभ देता येत नाही, काम देता येते की नाही हे पुस्तकात कुठेही नाही. आचाऱ्याने घाईने वाचू नये आणि मधे पातेल्याकडे जाऊ नये.

सगळे मी स्वतः लिहिले आहे, खाडाखोड फक्त कलम ५ ला आहे आणि ती माझीच आहे.

मुक्काम: कामगार छावणी, दाराजवळची खालची खाट.
दिनांक: ऑपरेशनच्या आधीचा रविवार, जेवणाच्या घंटेच्या जरा आधी.

सही: (कागदोपत्री नावाने केली आहे)
उर्फ भिंगरी

साक्षीदार पहिला: मेसचा आचारी. सही ओल्या हाताने केल्यामुळे पसरली आहे, खरी आहे.

साक्षीदार दुसरा: छावणीच्या बसचा ड्रायव्हर. आपली भाषा त्याला येत नाही. वर काय आहे ते त्याला कळलेले नाही. मी सही करताना त्याने पाहिले, स्वतःची केली, आणि कागदाकडे बघून माझ्या छातीकडे बोट दाखवले. मी हो म्हटले. त्याने इंजिन बंद केले आणि थोडा वेळ उभा राहिला.

खालचा अंगठा साक्षीचा नाही. मामांचा आहे. मृत्युपत्रातली वस्तू देणारा जिवंत असताना घेता येत नाही असे मी त्यांना दोनदा सांगितले. त्यांनी ऐकले नाही. म्हणाले, मिळाल्याची पोच लिही, मी सांगतो तशी. त्यांनी सांगितली तशी ती अशी:

"फाटकवाला मिळाला. वाचणाऱ्यासकट मिळाला."